फरिश्त्याच्या पानांतलं वऱ्हाड

वऱ्हाडवर राज्य केलेल्या इमादशाहीचा स्वतःचा दरबारी इतिहास आपल्या हाती नाही. त्यामुळे पाचशे वर्षांपूर्वीच्या अचलपूरबद्दल आपण जे बोलतो, त्यातलं बरंचसं एका इराणी माणसाच्या फारसी ग्रंथातून आलेलं आहे. मुहंमद कासिम हिंदूशाह, म्हणजेच फरिश्ता. कास्पियन समुद्राकडच्या अस्तराबादचा हा मुलगा वडिलांबरोबर लहानपणीच अहमदनगरला आला. त्याने ग्रंथ लिहिला तो विजापुरात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने, १६०६ च्या सुमारास.

राज्य उलथतं म्हणजे काय होतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. १५८८ मध्ये मिरान हुसेनाने बापाला, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाला ठार केलं, तेव्हा राजवाड्याच्या पहाऱ्यावर फरिश्ता होता. तो वाचला, कारण त्याचे वडील मिरान हुसेनाचे शिक्षक होते आणि लहानपणीच्या या सोबत्याला शहाजाद्याने ओळखलं. पुढे मिरान हुसेनही मारला गेला. नगरात इराणी-तुर्की परदेशीयांची कत्तल झाली. १५८९ संपता संपता फरिश्ता विजापूरला पोचला तो जीव वाचवून आलेला माणूस म्हणून. मुळं तुटलेल्या माणसांविषयी तो लिहितो, तेव्हा मला हे विसरता येत नाही.

इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला असाच मूळ तुटलेला. फरिश्ता सांगतो, तो विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मणाचा पोर; लढाईत धरला गेला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या, खान-इ-जहानच्या पदरी वाढला. अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्यावर कमळांच्या कोरीवकामाचा महाकाली दरवाजा आहे. त्यावरच्या फतहुल्लाच्या १४८७ च्या शिलालेखात धनी म्हणून शिहाबुद्दीन महमूदशाह बहमनीचं नाव आहे. आणि १४९० मध्ये फतहुल्लाने स्वतःचं राज्य मांडलं. दगडात कोरलेली निष्ठा तीन वर्षं टिकली.

पण फरिश्त्याच्या पानांत मला सगळ्यात जवळची वाटते ती पाथरीची हकीकत. आज परभणी जिल्ह्यात असलेली पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या सुलतानाकडे होती. निजामशाहीचा मूळपुरुष पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला. बुऱ्हाण निजामशाहाने वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशाहाला कळवलं, की आमच्या वाडवडिलांचं गाव आम्हाला द्या, बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. नकार आला, आणि १५१८ मध्ये निजामशाही फौज पाथरीवर चालून गेली. घराणं धर्म बदलून सुलतान झालं, तख्तावर बसलं, तरी गावची ओढ सुटली नाही. बांधावरून आणि वतनावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडणाऱ्या आपल्या मुलखाला हे वेगळं समजावून सांगायला नको. फक्त इथे वतनाच्या वादात दोन राज्यं उतरली. सामान्य रयतेने त्यात काय सोसलं, ते फरिश्ता सांगत नाही.

वऱ्हाडचं दुखणं इथेच आहे. दुसऱ्यांच्या भांडणाची किंमत आपल्या मुलखाने मोजली. वजीर तुफालखानाने आपल्याच सुलतानाला नरनाळ्यावर कोंडलं. त्याला सोडवायचं निमित्त करून मुर्तझा निजामशाह आला आणि १५७४ मध्ये राज्यच गिळून बसला. मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा १५९६ मध्ये चांदबिबीने तहात वऱ्हाड देऊन नगर वाचवलं. तिच्या शौर्याचे गोडवे गाताना तिने काय दिलं, हे आपणही विसरतो. शहाजादा मुरादने मग बाळापूरजवळ शहापूर वसवलं. १८५३ ची गोष्ट फरिश्त्यानंतरची, पण चाल तीच. हैदराबादच्या निजामाच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला आणि त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. वऱ्हाडला सोन्याची कुऱ्हाड म्हणतात, ती घाव घालण्यापेक्षा गहाण टाकायलाच जास्त उपयोगी पडली.

म्हणून फरिश्ता वाचताना वऱ्हाडच्या वाचकाने तख्तांवरून नजर काढून ओझरत्या वाक्यांवर ठेवावी, असं मला कळकळीने वाटतं. असं एक वाक्य दुसऱ्या मुहंमदशाह बहमनीच्या काळातलं आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. या सुलतानाने सरकारी बैलांवरून माळवा-गुजरातेतलं धान्य आणवलं आणि अनाथ मुलांसाठी शाळा काढून त्यांच्या खर्चाची तजवीज केली. गावांची नावं फरिश्ता देतो: गुलबर्गा, बीदर, कंधार, दौलताबाद, चौल, दाभोळ आणि आपलं अचलपूर. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात दुष्काळाने पोरकी झालेली मुलं होती आणि त्यांची सोय लावणं हे राज्याचं काम आहे, असं कुणाला तरी वाटलं होतं. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेली मुलं आज ज्या जिल्ह्यांत आहेत, तिथे हे वाक्य माहीत असायला हवं.

१३९७ मध्ये तो सुलतान वारला. काही आठवड्यांतच त्याच्या वारसाला आंधळं करून तख्तावरून ओढलं गेलं. त्या कारस्थानाची हकीकत फरिश्ता सविस्तर देतो. अचलपूरच्या मुलांना पुढे जेवण कोण देत होतं, याबद्दल त्याच्याकडे एक ओळही नाही.