परदेश आणि स्वदेश यांची तुलना करणें योग्य आहे काय?

आपल्या मंडळ्यांतील मुलेंमुली अलीकडे परदेशीं जाऊं लागलीं आहेत. कोणी परिचारिकेच्या कामास कुवेतला, कोणी वृद्धांच्या सेवेस इस्राएल देशांत, तर कोणी जर्मनीस जावें म्हणून तेथील भाषा शिकत आहे. ज्या घरांतून मूल जावयाचें असतें त्या घरीं कित्येक महिने एकच विषय चालतो : तिकडचें कसें आणि इकडचें कसें. बाप म्हणतो, तिकडे कष्टाचें चीज होतें. आई म्हणते, तिकडे भाकरीसुद्धां मिळत नाहीं. शेवटीं हा वाद पाळकाकडे अथवा गांवच्या प्रचारकाकडे येतो. तेव्हां न पाहिलेल्या देशास ओळखीच्या देशाच्या मापानें मोजणें ख्रिस्ती मनुष्यास योग्य आहे काय, आणि असल्यास तें माप कोणतें असावें, याचा थोडा विचार करूं.

कित्येक भाविक बंधु म्हणतात कीं ही तुलनाच नको. अब्राहाम आपण कोठें जातों हें न जाणतां निघाला, तसें निघावें. हें ऐकावयास गोड आहे. परंतु अब्राहामास हांक देवानें मारिली होती, दलालानें नव्हे. बाकीच्यांस डोळे उघडे ठेवून जाणें भाग आहे, आणि त्यास पवित्र शास्त्राचा आधारही आहे. मोशेनें कनान देश हेरावयास बारा माणसें पाठविलीं तेव्हां त्यांजजवळ प्रश्नांची यादीच दिली होती. ती गणनेच्या तेराव्या अध्यायांत सांपडेल. लोक किती व कसे, वस्ती तंबूंची कीं कोटाची, जमिनीचा कस कसा, झाडझाडोरा आहे कीं नाहीं, हें सर्व पाहून, येतांना तेथील फळही आणावयाचें होतें. म्हणजे ऐकीव गोष्टीवर भागावयाचें नव्हतें.

पुढें चाळीस वर्षांनीं यार्देनेच्या अलीकडे उभें राहून मोशेनें स्वतःच दोन्ही देश लोकांपुढें मांडिले. हा भाग अनुवादाच्या अकराव्या अध्यायांत आहे. शेतकरी वाचकानें तो अवश्य वाचावा; शहरांतील पंडितापेक्षां त्यालाच तो अधिक कळेल. मिसर देश बागायती. नील नदीस दरवर्षीं पूर येई, गाळ बसे, आणि पाटापाटानें पाणी शेतांत नेतां येई. मोशे म्हणतो, तेथें तुम्हीं भाजीच्या मळ्याप्रमाणें पायानें पाणी देत होतां. 'पायानें' म्हणजे काय, याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. कोणी म्हणतात तें पायानें फिरविण्याचें रहाटासारखें साधन. कोणी म्हणतात सरीच्या तोंडची माती पायानें सारून पाणी वळविणें. ज्यानें रात्रीं उसाला दारें धरिलीं आहेत त्यास हा दुसरा अर्थ कोणीं समजावून सांगावा लागत नाहीं. कनान मात्र जिरायती. सगळे डोंगर आणि खोरीं. तेथें नील नाहीं. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत आगोटीचा पाऊस आणि मार्च-एप्रिलांत वळवाचा, हे दोन्ही वेळेवर आले तर पीक, नाहीं तर दुष्काळ.

यांत पाहण्यासारखें हें कीं मोशेनें नव्या देशाची उणीव झांकिली नाहीं. हातचें पाणी सोडून आभाळाकडे डोळे लावण्याच्या देशांत तुम्हांस जावयाचें आहे, असें त्यानें सरळ सांगितलें. नगर जिल्ह्यांतल्या एखाद्या मनुष्यास बागायत देऊन जिरायत घे, असें म्हणून पाहावें म्हणजे हें बोलणें किती कठीण होतें तें समजेल. त्या देशावर वर्षभर परमेश्वराची दृष्टि असते, हेंही तो म्हणाला. पण तें जमिनीचें खरें रूप सांगून झाल्यावर. आपल्याकडे बहुधा उलट होतें. जो मनुष्य जाण्याचें ठरवून बसला आहे तो नव्या देशाच्या उणिवा ऐकून घेत नाहीं, आणि ज्यास जाऊं द्यावयाचें नाहीं तो उणिवांपलीकडे कांहीं बोलत नाहीं.

दहा हेरांनीं पहिल्यानें जें सांगितलें तें खोटें नव्हतें. द्राक्षांचा घोस खरा होता, कोट खरे होते, अनाकी लोक खरोखर उंच होते. पण देश मोजावयाचा सोडून ते स्वतःस मोजूं लागले आणि आपण टोळांएवढे आहों असें ठरवून मोकळे झाले. त्या लोकांसही आपण तसेच दिसलों, असेंही म्हणाले. त्या लोकांस कोणीं विचारिलें होतें? मग भीति वाढली तशी गोष्टही वाढली, आणि द्राक्षांचा देश माणसें खाणारा देश झाला. हें टोळपण आपल्या मुलांतही आहे. दहा वर्षें मिशनच्या दवाखान्यांत रात्रपाळी केलेली मुलगी केवळ इंग्रजी बोलतांना अडखळते म्हणून आपणांस कुचकामी समजते.

दुसरी चूक मागें सोडलेल्या देशाविषयींची. रानांत इस्राएल लोकांस मिसरांतील मासे, काकड्या, खरबुजें, कांदे आणि लसूण आठवलीं. विटांचा रोजचा हिशेब आठवला नाहीं. दाथान आणि अबीराम यांनीं तर कमाल केली. दूध आणि मध यांचा देश हें कनानाला दिलेलें नांव त्यांनीं मिसरासच लाविलें! ज्या देशांत पाठीवर फटके बसले तो देश दुरून असा दिसूं लागतो.

त्याच कनानाविषयीं आपल्या मराठी भाषेच्या लोकांची अलीकडची एक हकीकत आहे. कुलाबा जिल्ह्यांत तेलाचा धंदा करणारे व शनिवार पाळणारे बेने इस्राएल लोक 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. सन १९४८ सालीं इस्राएलाचें राज्य स्थापन झाल्यावर त्यांतील पुष्कळ लोक आपल्या पूर्वजांचा देश म्हणून तेथें गेले. वर्ण काळा म्हणून काम व मान यांत आपणांस मागें टाकितात, असें कित्येकांस वाटलें. त्यांनीं धरणें धरिलें, आणि सन १९५२ सालीं कांहींजणांस हिंदुस्थानांत परत आणण्यांत आलें. येथें आल्यावर त्यांतल्याच कित्येकांनीं आपणांस पुन्हा इस्राएलांत घ्यावें, असा अर्ज केला! त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. जेथें उभें राहावें तेथून दुसरा देश बरा दिसावा, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि त्यांची तक्रारही पोकळ नव्हती. विवाहाच्या बाबतींत तेथील धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या यहूदीपणाविषयींच शंका काढिली होती. ते सर्व बाबतींत यहूदीच आहेत असें तेथील कायदेमंडळानें जाहीर केलें तें सन १९६४ सालीं.

मग खरें वजन कोणतें? याविषयीं पंडिता रमाबाई यांच्याजवळ शिकण्यासारखें आहे. त्या सन १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या, तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि सन १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. परत आल्यावर सन १८८९ सालीं त्यांचें 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हें मराठी पुस्तक प्रसिद्ध झालें. तेथील शाळा, स्त्रियांच्या संस्था आणि लोकांची स्वतंत्र वृत्ति यांची त्यांनीं मनापासून स्तुति केली. शारदा सदन काढण्यास पैसा बहुतेक त्याच देशांतील मित्रांनीं दिला होता. तरीही काळ्या लोकांशीं आणि तेथील मूळच्या रहिवाश्यांशीं गोरे लोक कसे वागले, हें लिहितांना त्यांची लेखणी मऊ झाली नाहीं. ज्याचें मीठ खाल्लें त्याचेंही वजन खरें करावें, हें फार थोड्यांस साधतें. आणि त्यांनीं तो देश नुसता मोठ्यांच्या दिवाणखान्यांतून पाहिला नाहीं. तेथें अगदीं खालच्यास कसें वागवितात, हेंही पाहिलें.

हें वजन आपल्या गांवासही लावावें लागेल. आमच्यांतील पुष्कळजण गांवकुसाबाहेर वाढले. 'तिकडे जात कोणी विचारीत नाहीं' या एका गोष्टीला एखाद्या तरुणानें कुवेतच्या सगळ्या उन्हाळ्यापेक्षां अधिक वजन दिलें, तर त्यास देशप्रेम कमी म्हणून दोष देण्याचा अधिकार मला तरी दिसत नाहीं. मात्र तेथें दुसरी उतरंड आहे, हें त्यास सांगितलें पाहिजे. तेथें मनुष्य कोणत्या देशाचा यावरून पगार आणि मान पुष्कळदां ठरतो. एका दिनाराचे शेंकड्यांनीं रुपये होतात, तो गुणाकार घरोघर पाठ आहे. परंतु तो दिनार तेथेंच खर्चूं लागलें म्हणजे त्यांतला किती उरतो, हा हिशेब कोणी करीत नाहीं. त्या देशांत एकही कायमची नदी नाहीं. पिण्याचें पाणीसुद्धां बहुतांशीं समुद्राचें खारेंपण काढून करितात. मजूर किंवा नोकर म्हणून जाणाऱ्यानें तो देश नोकराच्या जागेवरूनच पाहावा. बाजारांतले दिवे दाखविणारीं चित्रें पाहून काय समजणार?

म्हणून प्रचारकांनीं अशा घरीं मोशेप्रमाणें नेमके प्रश्न विचारावे. करारपत्र कोणत्या भाषेंत आहे, आणि तें वाचून कोणीं दाखविलें? सुटीचा दिवस कोणता? पासपोर्ट स्वतःजवळ राहील कीं मालकाजवळ? नोकरी बदलावयाची झाल्यास त्याच मालकाची परवानगी लागते काय? आजारीपणांत कोण पाहील? उपासनेस जाऊं देतात काय? मागें राहिलेल्या आईबापांस कोण सांभाळील, आणि कर्ज काढिलें असल्यास तें कोणाच्या जमिनीवर? परदेशीं कामास माणसें पाठविणाऱ्या दलालास सरकारी नोंदणी सन १९८३ च्या कायद्यानें सक्तीची केली. ती नोंदणी दाखविण्यास जो कांकूं करितो त्याच्या हातीं पैसा देऊं नये.

यांतील निम्म्या प्रश्नांचीं उत्तरें दलालाजवळ नसतात. तीं आधीं गेलेल्या आपल्याच माणसांजवळ असतात. कुवेत शहरांत जुन्या अमेरिकन मिशनच्या आवारांत आजही पुष्कळ भाषांच्या मंडळ्या वेळ वांटून घेऊन उपासना करितात, आणि तेथें हिंदुस्थानांतील ख्रिस्ती लोक भेटतात. जाणाऱ्यानें तिकीट काढण्यापूर्वींच त्यांतील कोणाशीं तरी पत्रव्यवहार करावा, आणि पगाराच्या आधीं सुटीच्या दिवसाविषयीं विचारावें.