गुणांकन आणि अर्पण: देशांच्या गीतस्पर्धेचा एक विचार

एखाद्या देशाने आपल्या नावाने एक गाणे निवडावे, ते इतर देशांच्या गाण्यांसोबत एका मंचावर मांडावे आणि परीक्षकांनी व श्रोत्यांनी त्या सर्वांचे क्रम लावावेत, ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेली प्रथा वरकरणी करमणुकीची वाटली, तरी तिच्या मुळाशी सौंदर्यशास्त्राचा आणि धर्मचिंतनाचा एक जुना प्रश्न आहे. गाणे कोणाचे असते, आणि ज्याचे असते त्याच्या खात्यावर त्याची श्रेष्ठता जमा करता येते का, हा तो प्रश्न होय. मराठी प्रदेशात त्याला विशेष धार येते, कारण येथे शतकानुशतके गाणे हेच उपासनेचे मुख्य साधन राहिले आहे. आणि लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थानाने जोपासलेल्या चक्रीभजनासारख्या परंपरेच्या संदर्भात तो तपासला, तर त्याचे उत्तर अधिक नेमकेपणाने शोधता येते.

या प्रथेचे सर्वांत परिचित रूप म्हणजे युरोव्हिजन गीतस्पर्धा. स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे १९५६ साली सात देशांना घेऊन ती सुरू झाली. तिच्यात रीतसर भाग घेतात त्या युरोपीय प्रक्षेपण संघाशी संलग्न असलेल्या प्रक्षेपण संस्था, सरकारे नव्हेत. तरीही श्रोत्यांच्या मनात प्रत्येक गाणे उभे राहते ते देशाच्या नावाने आणि त्याच्या झेंड्यासह. पहिल्या वर्षी केवळ विजेते गाणे जाहीर झाले आणि उरलेल्या गाण्यांचे क्रम कधीच प्रसिद्ध झाले नाहीत. पुढे मोजमाप अधिकाधिक बारीक होत गेले: १९७५ पासून बारा गुणांपर्यंतची पद्धत आली, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्रोत्यांना दूरध्वनीवरून मत देता येऊ लागले, आणि २००९ पासून अंतिम फेरीत त्या मतांच्या जोडीला तज्ज्ञ परीक्षकांचे गुण पुन्हा धरले जाऊ लागले. १९६९ साली स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चार देशांचे गुण सारखे झाले, तेव्हा बरोबरी सोडवण्याचा नियमच नसल्याने चौघांनाही विजेते घोषित करावे लागले. मोजमापाच्या मर्यादेची ती जाहीर कबुली होती.

स्पर्धा ही कल्पनाच भारतीय विचाराला परकी आहे, असे मात्र म्हणता येत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशाची, म्हणजे सिद्धीची, सविस्तर चर्चा असून तेथे प्राश्निक म्हणजे परीक्षक कोण असावेत, त्यांनी दोष कसे टिपावेत आणि श्रेष्ठ ठरणाऱ्याला पताका कशी द्यावी, याचेही विवेचन आहे. यज्ञविधी जाणणारा, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, नर्तक, धनुर्विद्येत निपुण असलेला, गायनवादनात निष्णात असलेला गंधर्व असे निरनिराळे जाणकार भरताने सांगितले आहेत आणि प्रत्येकाने आपल्या विद्येपुरताच निर्णय द्यावा, अशी त्यामागची दृष्टी आहे. याहून महत्त्वाचे असे की भरत सिद्धीचे दोन प्रकार मानतो. मानुषी सिद्धी म्हणजे हसू, अश्रू, रोमांच, वाहवा अशा उघड प्रतिसादांतून दिसणारे यश. आणि दैवी सिद्धी म्हणजे जेथे रंगमंडप भरलेला असूनही आवाज नाही, गडबड नाही, असे यश. दूरध्वनीवरील मते ज्याची गणना करू शकतात ते मानुषी सिद्धीच्या क्षेत्रातले आहे; दैवी सिद्धीत मोजण्याजोगी खूणच उरत नाही.

हा भेद का पडतो, याचे स्पष्टीकरण काश्मीरचे आचार्य अभिनवगुप्त यांनी नाट्यशास्त्रावरील आपल्या अभिनवभारती या टीकेत दिले आहे. रसाच्या आस्वादात साधारणीकरण व्हावे लागते, म्हणजे समोरचा भाव अमुक एका व्यक्तीचा, अमुक स्थळकाळाचा न राहता सर्वांना भोगता येईल असा व्हावा लागतो. जे अडथळे हे घडू देत नाहीत त्यांना ते रसविघ्ने म्हणतात, आणि भाव 'माझा' किंवा 'दुसऱ्याचा' म्हणून ठरावीक देशकालाशी जखडून ठेवणे हे त्यांतील एक ठळक विघ्न आहे. या दृष्टीने पाहिले, तर देशाच्या नावाने गाणे ऐकणे हीच रसाच्या वाटेवरची पहिली अडचण ठरते, कारण श्रोता स्वरापाशी पोहोचण्याआधीच आपले कोण आणि परके कोण हे ठरवून बसलेला असतो. युरोव्हिजनमध्ये दुसऱ्याच वर्षापासून एक नियम पाळला जातो: कोणत्याही देशाला स्वतःच्या गाण्याला गुण देता येत नाहीत. अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या विघ्नावर नियमावलीने शोधलेला हा एक ओबडधोबड उपाय आहे. तो पुरेसा पडत नाही, कारण शेजाऱ्याविषयीची आपुलकी, जुने वैर आणि ताजे युद्ध यांना नियमाने बाहेर ठेवता येत नाही; २०२२ साली रशियाला स्पर्धेतून वगळले गेले आणि युक्रेन विजयी झाला, तेव्हा श्रोत्यांच्या मतांमध्ये गाण्याइतकीच त्या वर्षाची वेदनाही बोलत होती. ती वेदना खरी होती, परंतु तिची मोजणी ही गाण्याची मोजणी नव्हे.

आता भजनाकडे वळता येते. औशाच्या नाथ संस्थानाला वीरनाथ महाराज आणि मल्लनाथ महाराज यांचा वारसा असून नाथ व वारकरी हे दोन प्रवाह तेथे एकत्र आले आहेत. टाळमृदंगाच्या साथीने, गोलाकार फिरत म्हटले जाणारे चक्रीभजन हे या परंपरेचे वैशिष्ट्य होय, आणि औसेकर महाराज मंडळींची ही सेवा पंढरपुरातही होते. तत्त्वदृष्ट्या या रचनेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की वर्तुळात फिरणाऱ्याला पुढची आणि मागची जागा कायमची मिळत नाही, त्यामुळे अग्रक्रमाची कल्पनाच त्या रचनेत टिकत नाही. दुसरी अशी की भजनाचा मुख्य श्रोता देव मानलेला असतो आणि जमलेले सर्वजण, गाणारे व ऐकणारे मिळून, एकाच बाजूला असतात. परीक्षकाला उभे राहायला तेथे जागाच नाही. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यामागेही हाच निर्णय आहे: ज्याच्या पायावर डोके ठेवले, त्याच्याहून आपला क्रम वरचा आहे असे म्हणणे शक्य राहत नाही. भक्तिशास्त्राने भक्तीला स्वयंफलरूप मानले आहे, म्हणजे तिचे फळ तिच्याबाहेर नाही. म्हणून बाहेरून दिलेले पारितोषिक तिच्यात भर घालत नाही आणि न मिळाल्याने ती उणीही होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. भजनाच्याही स्पर्धा महाराष्ट्रात होतातच. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळासारख्या संस्था त्या भरवतात आणि त्यांतून अनेक गावांतील मंडळींचा सूर, ताल, शब्दोच्चार व सांघिक मेळ सुधारला आहे. देशांच्या स्पर्धेतही लहान देशाच्या गाण्याला जगाचा कान मिळतो: १९६४ पासून भाग घेणाऱ्या पोर्तुगालला पहिले यश २०१७ साली, साल्व्हादोर सोब्राल यांनी पोर्तुगीज भाषेत गायलेल्या एका शांत गाण्याने मिळाले, आणि ती भाषा न जाणणाऱ्या असंख्य श्रोत्यांनी ते आपले मानले. हा आक्षेप स्वीकारायलाच हवा, परंतु तो वरील विचाराला छेद देत नाही, उलट त्याची मर्यादा आखून देतो. स्पर्धा कारागिरी मोजते, आणि कारागिरी मोजली जाणे हितकारक आहे, कारण बेसूर भजनाचे समर्थन भक्तीच्या नावाने करणे हा आळस आहे. चूक होते ती कारागिरीचे गुण हे अर्पणाचे गुण समजले जातात तेव्हा; मग भजनी मंडळ देवापेक्षा परीक्षकाकडे पाहून गाऊ लागते आणि देश आपल्या गाण्याऐवजी आपल्या झेंड्याकडे पाहू लागतो.

भारत युरोव्हिजनमध्ये कधी उतरलेला नाही. आशिया-पॅसिफिक प्रक्षेपण संघाचा दूरचित्रवाणी गीत महोत्सव मात्र २०१२ साली सोल येथे सुरू झाला, दूरदर्शननेही त्यात भाग घेतला आहे, आणि तेथे गाण्यांना क्रमांक दिले जात नाहीत. औशाच्या परंपरेशी जवळचा ठरेल असा सहभाग हाच आहे, कारण त्यात देश आपले गाणे इतरांपुढे ठेवतो आणि निकालाची अपेक्षा सोडतो. तरीही जेथे क्रमांक दिले जातात तेथे जाणे भारतासाठी अधर्म्य ठरणार नाही, जर जाणाऱ्यांनी भरताचा विवेक सोबत नेला: परीक्षकाने आपल्या विद्येपुरते बोलावे, गायकाने त्याचे बोलणे कारागिरीपुरते ऐकावे, आणि देशाने त्या निकालात आपल्या आत्म्याचे मोल शोधू नये. देशाचे गाणे यशस्वी झाले असे म्हणण्याचा एकच आधार धर्माला आणि रसशास्त्राला सारखाच मान्य होईल, आणि तो म्हणजे ते ऐकताना परक्या श्रोत्याला ते कोणत्या देशाचे आहे याचा विसर पडणे.