कृत्तिकांचे ऋण

रायपूरपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर चंदखुरी हे गाव आहे. तेथील तळ्यात कौसल्यामातेचे मंदिर असून गाभाऱ्यातील मातेच्या मांडीवर बालरूप श्रीराम बसलेले आहेत. हा प्रदेश म्हणजे प्राचीन दक्षिण कोसल, अर्थात कौसल्येचे माहेर, आणि म्हणून राम हा साऱ्या छत्तीसगढचा भाचा, अशी येथील लोकांची दृढ भावना आहे. त्या भावनेपोटीच येथे मामा भाच्याच्या पाया पडतो. जेथे नमस्काराचा ओघ धाकट्यांकडून थोरांकडेच वाहतो अशा मराठी घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला, केस पिकलेला शेतकरी आठ वर्षांच्या ‘भांचा’पुढे वाकताना पाहून प्रथम नवल वाटले, पुढे उमगले की, बालक म्हणजे अजून घडावयाचा राहिलेला मनुष्य, ही आपली समजूत या साध्याभोळ्या लोकाचाराने केव्हाच खोडून टाकलेली आहे. बालक आज आहे त्याच रूपात वंदनीय आहे, हा त्या नमस्काराचा अर्थ.

हा अर्थ मनात ठेवून रायपूरच्या गल्ल्यांतून हिंडू लागले, म्हणजे ‘झूलाघर’, म्हणजे पाळणाघर, अशी अक्षरे रंगविलेल्या पाट्यांपाशी पाय थबकतात. येथील मराठी घरांना अशा पाटीची गरज पूर्वी नव्हती. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राहून या प्रांताचा कारभार पाहू लागले. त्या अमदानीत आणि पुढे इंग्रजी अंमलात मराठी कुटुंबे इकडे स्थिरावली, आणि रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या त्यांच्या जुन्या घरांतून मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जाता जाता मोठे होत असे. त्या मांड्यांचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. भाचरांना सांभाळता सांभाळता आयुष्य सरलेली विधवा आत्या, धाकट्या भावंडापायी जिची शाळा सुटली ती थोरली बहीण, यांच्या मुकाट्याने केलेल्या कष्टांवर ते वात्सल्य उभे होते, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाणे न्यायाचे होणार नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर राजधानी झाले, कचेऱ्या वाढल्या, घरे लहान झाली, स्त्रिया हक्काने कामावर जाऊ लागल्या, आणि मांडी शोधण्यासाठी मूल घराबाहेर आले. तेव्हा प्रश्न उभा राहतो तो असा: जे पगार घेऊन केले जाते, ते वात्सल्य असू शकते काय? की ती केवळ चाकरी होय, आणि आईच्या जागी ठेवलेला तो एक नाइलाजाचा बंदोबस्त?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या पुराणांनी देऊन ठेवले आहे. यशोदेने कृष्णाला जन्म दिला नव्हता, तरी वात्सल्यभक्तीचा आदर्श म्हणून भक्तांनी तिचेच नाव घेतले. त्याहूनही विचार करण्याजोगी कथा कार्तिकेयाची आहे. शरवनात सापडलेल्या त्या तान्ह्या बालकाला सहा कृत्तिकांनी स्तन्य दिले, आणि शिव-पार्वतीचा हा पुत्र त्या सहा धात्रींच्या नावानेच जगात ओळखला जाऊ लागला. मातृत्व गर्भाशयापाशी संपत नाही, हे आपल्या परंपरेला मान्य होते, इतकेच नव्हे, तर त्याची पोच नावात देण्याइतकी ती कृतज्ञही होती. छत्तीसगढच्या खेड्यांत आजही ‘मितान’ बदण्याची रीत आहे. रक्ताचा संबंध नसलेली दोन माणसे एकमेकांना वचन देतात आणि ते नाते पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या नात्याच्या बरोबरीने पाळले जाते. संकल्पाने नाते निर्माण होते, यावर ज्या भूमीचा विश्वास आहे, तिला पाळणाघरातील बाई परकी वाटण्याचे कारण नाही.

परंतु कार्तिकेयाच्या त्याच कथेत एक इशाराही दडलेला आहे. सहाही मातांचे स्तन्य एकाच वेळी घेता यावे म्हणून त्या बालकाने सहा मुखे धारण केली. देवपुत्राला ते साधले. मर्त्य बालकाला एकच मुख असते. ज्या पाळणाघरात दर दोन महिन्यांनी सांभाळणारी बाई बदलते, तेथे दीड वर्षाच्या मुलाने प्रत्येक नव्या चेहऱ्यासाठी स्वतःचे नवे मुख कोठून आणावे? बिलासपूरजवळ गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने खेड्यापाड्यांत ‘फुलवारी’ नावाची पाळणाघरे चालविली, तेथे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुले, आया शेतात अथवा रानात गेल्या असता, गावातल्याच बाईच्या हवाली असत. शहरातल्या कित्येक सजविलेल्या खोल्यांना जे दुर्लभ, ते ओळखीच्या चेहऱ्याचे सातत्य त्या साध्या पडवीला सहज लाभे.

या सातत्याला इतके महत्त्व का, हे पाहावयाचे तर कोणत्याही पाळणाघरात दुपारी तासभर बसावे. एक मूल झोपेतून दचकून उठते आणि रडते. त्या रडण्यात भूक असेल, ओले दुपटे असेल, नाहीतर नुसते एकटेपण असेल. परंतु भाषेच्या आधीच्या त्या भाषेत ते जगाला एकच प्रश्न विचारीत असते, की कोणी आहे का? कोणी उठून जवळ आले, तर उत्तर मिळते: आहे. ‘अस्ति’ या क्रियापदापासून आस्तिक हा शब्द झाला. शास्त्रांत त्याचे अर्थ पुष्कळ आणि वादही पुष्कळ. पण देव, वेद, परलोक यांविषयी कोणतेही मत बनविण्याच्या कितीतरी आधी मनुष्य या पहिल्या अर्थाने आस्तिक अथवा नास्तिक होऊन गेलेला असतो. शंभर वेळा हाक मारून शंभर वेळा ज्याला कोणी सापडले नाही, ते मूल पुढे रडेनासे होते, आणि पाहणारे म्हणतात, किती शहाणे बाळ! त्या शांततेइतकी भयंकर गोष्ट माझ्या पाहण्यात नाही.

मग संगोपनाची गुणवत्ता कशात मोजावी? ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे एकच मागणे मागितले आहे, ते अवधानाचे. बालकाचे मागणेही नेमके तेवढेच असते. आगमशास्त्राने दीक्षेचे स्पर्श, दृष्टी आणि ध्यान असे प्रकार मानले, आणि पक्षिणी पंखांच्या उबेने पिलांना वाढविते, मासोळी नुसत्या नजरेने पोसते, असे दृष्टान्त दिले. अवधानाचीही मला तीच तीन रूपे दिसतात. दुपटे बदलणारा, घास भरविणारा हात घाईचा आहे की धीराचा, हा स्पर्श. धडपडून ठोकळ्यावर ठोकळा ठेवणाऱ्या मुलाला लगेच मदत न करता, पण दृष्टीआडही न करता, त्याच्या प्रयत्नाची साक्षी होणे, ही मासोळीची दृष्टी. आणि संध्याकाळी मूल घरी गेल्यावर, ‘आज त्याने वरण चाखलेसुद्धा नाही, उद्या आईला विचारले पाहिजे,’ असे जिच्या मनात येते, तिच्यापाशी ध्यान आहे.

येथपर्यंत सारे अंतःकरणाचे झाले. पण अंतःकरणाला वेळ लागतो, आणि वेळ हा हिशेबाचा विषय आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस आणि दिवसाला साडेसात तास अशी तजवीज होती. दोघींची मिळून नऊशे मिनिटे झाली. पंचवीसांनी भागली, तर एका मुलाच्या वाट्याला छत्तीस मिनिटे येतात, आणि केर, स्वयंपाक, हजेरीपट हे सारे त्यातच. साक्षात यशोदेची नेमणूक केली, तरी या छत्तीस मिनिटांतून ती किती अवधान काढणार? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आवश्यक केले, खोलीचा उजेड, हवा व स्वच्छता यांचे नियम घातले, प्रशिक्षित स्त्रीची अट घातली. १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आली. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेवर ही जबाबदारी टाकून आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा दिली. कायद्याला वात्सल्याचे फर्मान काढता येत नाही. मात्र वात्सल्याला सवड मिळेल अशी परिस्थिती त्याला निर्माण करता येते, आणि ती निर्माण करणे हे धर्मकार्यच आहे. जिच्या स्वतःच्या घरी उद्याच्या पिठाची विवंचना आहे, तिच्याकडून दुसऱ्याच्या मुलाचे ध्यान मागणे हा अधर्म होय. निष्काम कर्माचा उपदेश कर्म करणाऱ्याने स्वतःला करावयाचा असतो. दुसऱ्याचा पगार कापण्यासाठी तो वापरणे म्हणजे गीतेची विटंबना होय. वेतनाने वात्सल्य विटाळते ही भीती म्हणूनच मला निराधार वाटते. पुरेसे वेतन त्या वात्सल्याच्या वाटेतील चिंता तेवढी दूर करते.

आणि शिक्षणाचे काय, असे पालक विचारतात. तीन वर्षांच्या मुलाला शंभर आकडे यावेत, अशी त्यांची अपेक्षा असते. १९४५ साली बालशिक्षणासाठी ताराबाई मोडक बोर्डीस गेल्या, आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला त्यांनी जे काम उभे केले, त्याची भिस्त शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांवर होती. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात त्यांनी शाळाच नेली. वस्तू हाताळणारे मूल जगाची चौकशी करीत असते. चौकशी तोच करतो, ज्याला उत्तर मिळण्याचा भरवसा आहे. आणि हा भरवसा त्याला दुपारच्या त्या रडण्याच्या वेळी मिळालेला असतो, किंवा मिळालेला नसतो. म्हणून सांभाळ आणि शिक्षण ही दोन खाती वेगळी मांडताच येत नाहीत. ‘आहे’ हा पहिला पाठ पक्का झाला, की मुळाक्षरे त्यावर उभी राहतात.

कार्तिक महिन्यात संध्याकाळी पूर्वेकडे कृत्तिकांचा पुंजका उगवतो. ज्यांनी परक्या बालकाला पोसले, त्यांना पूर्वजांनी आकाशात स्थान दिले आणि त्या बालकाला त्यांचे नाव दिले. आपल्या मुलाला दिवसाचे आठ तास जिने सांभाळले, तिला आपण ‘बाई’ किंवा ‘दीदी’ एवढ्यावरच भागवितो. पुष्कळांना तिचे नावही ठाऊक नसते. एखाद्या कार्तिकातल्या संध्याकाळी मुलाला कडेवर घेऊन त्या चांदण्या दाखवाव्यात, त्या कोण हे सांगावे, आणि मग त्याला सांभाळणाऱ्या बाईंचे नाव विचारावे. ते नाव त्याला येत असेलच. आपण ते त्याच्याकडून शिकून घ्यावे.