अजामिळाची राहिलेली अर्धी कथा

दहाव्याच्या प्रवचनाला घाटावर बसले की एक प्रश्न आम्हांस हमखास येतो. पिंड मांडलेले असतात, सगळ्यांचे डोळे कावळ्याकडे लागलेले असतात, आणि कोणी तरी हळूच जवळ सरकून विचारतो, "महाराज, आमच्या माणसाला गती कोणती मिळाली असेल?" असे विचारणारे दोन जातीचे असतात. एक म्हणतो, "वडील माळकरी. चाळीस वर्षे वारी चुकली नाही. म्हणजे वैकुंठ ठरलेलंच ना?" दुसरा खाली मान घालून म्हणतो, "बापानं माळ घातली नाही, देवळाची पायरी चढला नाही. पण कुणाचा पैसा बुडवला नाही, कुणाला वाईट बोलला नाही. त्याचं कसं?" पहिला उत्तर घेऊनच आलेला असतो. दुसऱ्याला मात्र रात्र रात्र झोप नसते. म्हणून हा विषय आज जरा सविस्तर घेतो.

भाव तारतो की आचार तारतो, असा वाद निघाला की माळकरी मंडळी ताबडतोब अजामिळाला पुढे करतात. कान्यकुब्जाचा हा ब्राह्मण. आधी शीलवान, वेद शिकलेला, पुढे घसरला. जुगार, फसवणूक, चोरी यांवर संसार चालविला. दहा मुलगे झाले. धाकट्याचे नाव नारायण. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी यमदूत पाश घेऊन उभे राहिले, तेव्हा भीतीने त्याने मुलाला हाक मारली आणि विष्णुदूत धावले. झाले! कीर्तनात येथेच टाळी पडते, येथेच गजर होतो, आणि ऐकणारा मनात म्हणतो, "एका हाकेत काम होते तर मग आजच घाई कशाला?"

पण सज्जनहो, भागवताच्या सहाव्या स्कंधात कथा येथे संपत नाही. यमदूत गेले, विष्णुदूत दिसेनासे झाले, आणि अजामिळ कुठे होता? वैकुंठात नव्हे. आपल्याच घरी, आपल्याच अंथरुणावर, जिवंत! नामाने त्याचे पाप जाळले यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. पण पाप जळालेल्या माणसाने पुढे काय केले ते पाहावे. म्हाताऱ्या आईबापांना आपण टाकले, निरपराध पत्नीला टाकले, हे त्याला आठवले आणि तो रडला. मग घरदार सोडून गंगाद्वारी, ज्याला आज आपण हरिद्वार म्हणतो तेथे, गेला. एका देवळात बसून त्याने मन आवरले, इंद्रिये आवरली. हे सगळे झाल्यावर तेच विष्णुदूत पुन्हा आले, आणि तेव्हा कुठे तो विमानात बसला. दोन फेऱ्या झाल्या, बरं का! पहिली फेरी आम्ही रंगवून सांगतो आणि दुसरी वेळेअभावी राहून जाते. कीर्तनकारांनी ही दुसरी फेरी गाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि ही कथा निघाली कशावरून? परीक्षिती राजाच्या एका शंकेवरून. तो शुकाचार्यांना विचारतो की माणूस पाप करतो, प्रायश्चित्त घेतो आणि पुन्हा तेच करतो. मग ते प्रायश्चित्त म्हणजे हत्तीची आंघोळच नव्हे काय? हत्ती नदीत स्वच्छ धुऊन निघतो आणि काठावर येताच सोंडेने धूळ अंगावर उडवून घेतो. आमच्या गावोगावी असे हत्ती थोडे नाहीत. एकादशीला फराळही मोजून करायचा आणि द्वादशीला भावाचा बांध टोकरायचा. दरसाल वीतभर. दहा वर्षांत एक तास आपल्याकडे आला की म्हणायचे, पांडुरंगाने दिले! वर विचारले तर उत्तर तयार: "नाम घेतो ना!" अहो, नामाच्या बळावर पाप करणे हा दहा नामापराधांतला एक अपराध पद्मपुराणात सांगितला आहे. औषध घरात आहे म्हणून विष खाणाऱ्याची ती गत. हे वाचून काही मंडळी रागावतील. रागावोत.

तुकोबारायांचे चरित्र आठवावे. घरी सावकारी होती. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात माणसे गेली, घरातलीही गेली. पुढे विठ्ठलाकडे ओढ लागली, तेव्हा त्यांनी काय केले? परंपरा सांगते की लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते त्यांनी बाहेर काढली. धाकटा भाऊ कान्होबा याचा निम्मा वाटा त्याला दिला, कारण भावाच्या हक्कावर आपण उदार व्हायचे नसते. आपली निम्मी खते मात्र इंद्रायणीत सोडून दिली. यात श्रद्धा कोणती आणि आचार कोणता, हे कोणी तरी आम्हांस वेगळे काढून दाखवावे!

आता त्या दुसऱ्याचे, मान खाली घालून विचारणाऱ्याचे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने जवळजवळ हाच प्रश्न विचारला आहे. श्रद्धा आहे पण प्रयत्न कमी पडला, असा माणूस दोन्हीकडून सुटून फुटलेल्या ढगासारखा विरून जातो काय? येथे बारकाईने पाहावे. प्रश्न श्रद्धावंतापुरता होता. भगवंतांनी उत्तर देताना मात्र दार मोठे केले. ते म्हणाले, कल्याण करणारा कोणीही दुर्गतीला जात नाही. 'कोणीही' म्हणाले. माळकरी म्हणाले नाहीत. आणि याच ठिकाणी ते अर्जुनाला 'तात' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर, 'बाळा'. भ्यालेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तसे ते उत्तर आहे.

यावर एखादा शास्त्री म्हणेल, "बुवा, त्याच सहाव्या स्कंधात यमधर्म दूतांना सांगतो की ज्याची जीभ नाम घेत नाही त्याला आणा. त्याची वाट काय?" प्रश्न रास्त आहे. पण मूळ श्लोक उघडावा. तेथे 'असत्' हा शब्द आहे. आणा म्हणतो ते अशा असतांना. जो सत्याने वागला, ज्याच्या दारातून भुकेला परत गेला नाही, त्याला केवळ गळ्यात माळ नाही म्हणून 'असत्' म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

म्हणून आचारवंतानेही ताठून जाऊ नये. नृगराजाने गाई दिल्या त्या आकाशातल्या ताऱ्यांइतक्या. त्यात एक दुसऱ्याची गाय नकळत मिसळली आणि राजा सरडा होऊन विहिरीत पडला. पुण्याचा हिशेब आपणच जमवू म्हटले की असा कुठे तरी एका गाईने चुकतो. त्याला वर काढला श्रीकृष्णाच्या हाताने. स्वतःच्या पुण्याने नव्हे.

मग कोणी म्हणेल, माळ नसताही सुटका होते तर आम्ही माळ का घालावी? अहो, संतांनी माळ वैकुंठातल्या जागेसाठी घातलीच नव्हती. तुकोबांनी तर मोक्ष नको, पुन्हा जन्मास घाल, पण नाम आणि संतांची संगत दे, असे मागणे मागितले. माळ ही येथे जगण्यासाठी आहे. रोज उठून दुसऱ्याच्या हद्दीकडे हात जातो, तो आवरण्यासाठी आहे.

ज्येष्ठात पालख्यांचे प्रस्थान होईल. ज्याला बांधाचा दगड मागे घ्यावयाचा असेल, त्याने तो दिंडीत नाव देण्याआधी घ्यावा, आणि भावाला सोबत उभे करून घ्यावा. मृगाची पेरणी होण्याच्या आत ते काम सोपे जाते. पीक उभे राहिले की दगड हलत नाही.