मृत पेशींची बोळवण

तापीच्या दक्षिण तीरावर, बऱ्हाणपूरच्या समोर, जैनाबाद वसलेले आहे. तेथील बागेत १६३१ साली मुमताज महलचा देह प्रथम पुरण्यात आला आणि सुमारे सहा महिन्यांनी आग्र्यास नेण्यात आला. बादशहाला मृत्यूशी असा हट्ट करता आला. इतरांस निरोप लवकरच द्यावा लागतो. देहाची आंतरिक रीतही सामान्यांचीच आहे.

आपल्या शरीरात दररोज अब्जावधी पेशी मरतात आणि आपणांस त्याची वार्ताही नसते. मेचनिकॉफ यांनी १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अर्भकास काटा टोचला, तेव्हा भटक्या पेशी त्याभोवती गोळा झालेल्या दिसल्या. (मुंबईत प्लेगची लस सिद्ध करणारे हाफकिन हे त्यांचेच शिष्य.) या भक्षक पेशी शत्रूंप्रमाणे स्वकीय मृतांनाही पोटात घेतात. मृत्युपंथास लागलेल्या पेशीच्या आवरणाच्या आतील बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ बाहेर येतो. हीच तिची खूण. उलट निरोगी पेशी सीडी४७ नामक प्रथिन मिरवून 'मला शिवू नका' असे बजावते. भक्षक पेशी मरणारीस गिळते आणि दाह उठू नये म्हणून शामक द्रव्येही सोडते. हे कार्य खोळंबले की फुटलेल्या पेशींतील द्रव्ये सांडतात व शरीर स्वतःवरच उलटू शकते. ल्युपस रोगामागे हे एक कारण मानतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि तिच्यातील लोह नव्या पेशींस मिळते. हे श्राद्ध मला फार भावते.

मात्र येथून कोणी असा निष्कर्ष काढील की निसर्गच निरुपयोग्यांस दूर करतो, मग समाजाने का करू नये? वृद्ध, पंगू, दीर्घकाळ रुग्ण यांच्याविषयी असे बोलणारे सुशिक्षित लोक आढळतात. परंतु पेशीला स्वतःचे सुखदुःख नाही. मनुष्य समाजाचा अवयव खरा, तरी त्याची वेदना समाज भोगीत नाही; तोच भोगतो. शिवाय देह सामान्यतः मरणाऱ्यानेच धारण केलेली खूण वाचतो, शेजाऱ्याने चिकटविलेली नव्हे.

आणि ती ओळखही अचूक नाही. कर्कपेशी सीडी४७ विपुल धारण करून पहारेकऱ्यांस चकवितात. म्हणून ते प्रथिन झाकणारी औषधे रुग्णांवर तपासली गेली. त्यांत निरोगी तांबड्या पेशींचेही कवच गेले, भक्षक पेशींनी त्याही गिळल्या आणि कित्येकांस पंडुरोग जडला.