कुऱ्हाड उचलण्याआधी

॥ श्रीगुरुदेव ॥

साधकहो, १९९७ च्या सुमारास आपल्या मध्य प्रदेशात मंडल्याकडच्या सालवनांत बोरर किडा पडला. अळी खोडाच्या गाभ्यात शिरते. बाहेर बुंध्याशी फक्त भुशाचा ढीग दिसतो. असं पोखरलेलं झाड वेळीच तोडावं लागतं, नाहीतर त्यातले भुंगे शेजारची झाडं धरतात. ते लाकूड विकलं, त्यातही पाप नाही. पण भाव बघून कुऱ्हाड निरोगी झाडाकडे वळली, की कीड आपल्याच मनाला लागली म्हणायची!

घरातही तसंच. सुनेचा, भावाचा दोष दाखवतो, तो त्यांच्या हितासाठी की आपला जुना हिशेब चुकवायला? आज नामाला बसताना आधी आपल्या बुंध्याशी भुसा पडलाय का, ते बघा.

जय गुरुदेव! 🙏