वसंताचं काय करायचं?

काही प्रश्न पोट भरल्याशिवाय माणसाला पडत नाहीत. आत्मा अमर आहे का, जग सत्य की माया, आणि वसंत ऋतूत मोठ्या शहरात काय काय करावं, हे त्यांतले प्रमुख तीन. पहिल्या दोहोंवर आपल्याकडे कपाटं भरतील इतके ग्रंथ आहेत. तिसऱ्यावर दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निघतात. मुंबईत नोकरी करणारा माझा पुतण्या अशी एक यादी मला न चुकता फोनवर पाठवतो. घाटंजीसारख्या गावात राहून काका कशाकशाला मुकतो आहे हे काकाला कळावं, हा त्यामागचा प्रेमळ हेतू. यादीतलं प्रत्येक वाक्य आज्ञार्थी असतं. हे पाहा, तिथे जा, ते चाखा, हे तर मुळीच चुकवू नका! आमच्या शाळेच्या भिंतींवरच्या सुविचारांतसुद्धा इतके आज्ञार्थ नव्हते.

मुळात वसंत येतो कधी, इथूनच वादाला सुरुवात आहे. पंचांग म्हणतं, चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. आता यवतमाळ जिल्ह्यात चैत्र-वैशाखात जे काही चालतं त्याला वसंत म्हणायला फार मोठं काळीज लागतं. पारा चाळिशी ओलांडतो, कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, आणि भर दुपारी रस्त्यावर कुत्रंदेखील दिसत नाही. उलट वसंतपंचमी येते माघात, म्हणजे पंचांगाच्याच हिशेबाने शिशिरात. वसंताच्या नावाचा सण वसंतात नाही, आणि वसंत खरोखर लागतो तेव्हा आम्ही दारं-खिडक्या लावून खिशात कांदा बाळगून असतो. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी ऋतूंमधला वसंत तो मी, असं सांगितलं आहे खरं. पण त्याच श्लोकात महिन्यांमधला मार्गशीर्षही आपल्याकडे राखून ठेवला आहे. रुक्मिणी कौंडिण्यपूरची. म्हणजे सासुरवाडी विदर्भातलीच. इथल्या उन्हाचा अनुभव असल्याशिवाय कुणी वसंताच्या जोडीला थंडीतला एक महिना असा हाताशी ठेवत नाही.

असो. यादीकडे वळू.

मुंबईच्या यादीत पहिला मान काळा घोडा महोत्सवाचा. १९९९ साली सुरू झालेला हा कलांचा उत्सव फेब्रुवारीत भरतो. गंमत अशी, की ज्या घोड्याचं नाव, तो सातव्या एडवर्डला पाठीवर घेऊन १९६५ सालीच भायखळ्याला राणीच्या बागेत राहायला गेला. २०१७ साली त्या जागी नवा काळा घोडा आला, पण त्याच्यावर स्वारच नाही. घोडा नसतानाही लोक अठरा वर्षं काळ्या घोड्याला जात होते, यावरून वेदान्ती मंडळींना जग आणि माया या विषयावर एक चांगलं उदाहरण मिळेल.

दुसरी आज्ञा राणीच्या बागेची. १८६२ साली उघडलेल्या या बागेत महापालिका फुलांचं प्रदर्शन भरवते. लोक रांगा लावून फुलं पाहतात. तिसरी आज्ञा विक्रोळीची. तिथे पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेने टॅबेबुयाची झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी होतात. झाड मूळचं अमेरिका खंडातलं. पण मुंबईत आल्यावर कोण मूळचं कुठलं हे विचारायची पद्धत नाही. चौथी आज्ञा ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांची. एरवी ज्या खाडीवरून मुंबईकर नाकाला रुमाल लावून जातो, तिच्यातलंच शेवाळ आणि बारीक जीव खाऊन हे पक्षी गुलाबी राहतात. २०१५ साली त्या खाडीचं अभयारण्य झालं, २०२२ साली तिला रामसर स्थळाचा मान मिळाला. आणि पाचवी आज्ञा पाडव्याच्या शोभायात्रेची, जिची प्रथा डोंबिवलीने १९९९ साली घालून दिली.

पुण्याचं मात्र वेगळं. वसंतात शहरात काय करावं, या प्रश्नाचं उत्तर न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ सालीच देऊन ठेवलं आहे: व्याख्यान ऐकावं! वसंत व्याख्यानमाला आजही एप्रिल-मेमध्ये भरते. जगात इतरत्र वसंत आला की माणसं बागेत जातात, गातात, प्रेमात पडतात. पुण्यात सतरंजीवर बसून विषय समजावून घेतात, आणि मग वक्त्याचं कुठे चुकलं याची चर्चा करत घरी जातात. दीडशे वर्षं एक शहर वसंताला असं तोंड देतं आहे, हे पाहून माझी मान आदराने लवते. कोकिळेला विदर्भातही बोलावतात, पण शंका विचारायला शेवटी पाच मिनिटं तिला कुठे कुणी ठेवली आहेत?

इथवर गमतीचं झालं. पण त्या यादीत मला एक खरी अडचण दिसते, ती सांगतो. आनंद हे कर्तव्य आहे का? पुतण्या आठवड्यातले सहा दिवस लोकलला लोंबकळतो. सातव्या दिवशी झोपावं असं त्याच्या हाडाहाडाला वाटतं. पण यादी सांगते, टॅबेबुया आठ-पंधरा दिवसच टिकतो. मग तो उठतो, जातो, फोटो काढतो आणि फोटो टाकतो. नाही गेला तर सोमवारी हापिसात सगळे विचारतात, "अरे, गेला नाहीस?" हा प्रश्न पूर्वी आषाढीला पंढरपूरबद्दल किंवा शेजाऱ्याच्या मयतीबद्दल विचारत. आता झाडाबद्दल विचारतात. पूर्वी पापाची टोचणी होती, आता राहून गेल्याची. माणूस देवाच्या धाकातून सुटला तो थेट फुलांच्या धाकात सापडला!

हे त्याला मी एकदा फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "काका, तुमच्या गावात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला असतो. तुम्ही शेवटचा कधी पाहिला, सांगा."

प्रश्न झोंबणारा होता, कारण रास्त होता. घाटंजीहून पारव्याकडे, पांढरकवड्याकडे, कुठेही निघा. फाल्गुनात पळस आपला ठरल्यावेळी केशरी होतो. एसटीतल्या चाळीस माणसांपैकी खिडकीबाहेर कुणी बघत नाही. कुणाला कापसाच्या चुकाऱ्याची काळजी, कुणाला बँकेच्या नोटिशीची, कुणाला मुलीच्या लग्नाची. मार्च हा महिना कवींच्या लेखी फुलांचा आणि शेतकऱ्याच्या लेखी वसुलीचा. शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्याला मी मुद्दाम म्हटलं, "काय फुलला आहे हो पळस!" त्याने एकदा पळसाकडे आणि दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर आहा का जी?"

तेव्हा शहरातले लोक यादी घेऊन निसर्ग पाहतात आणि आम्ही मात्र निसर्गाच्या मांडीवरच बसलो आहोत, हा गावाकडच्यांचा तोरा काही खरा नाही. मांडीवर बसलेल्याला तोंड दिसत नाही. विक्रोळीला ठरवून गेलेला माणूस निदान दहा मिनिटं मान वर करून झाडाखाली उभा राहतो. आमच्यातल्या किती जणांनी पळसाखाली दहा मिनिटं काढली आहेत? मग शहरवाला यादीच्या धाकाने का होईना पाहतो तो बरा, की आम्ही धाक नसल्यामुळे पाहतच नाही ते बरे? बळजबरीने पाठ केलेली शुभंकरोतीही पुढे कधीतरी आपोआप ओठांवर येतेच की.

मला वाटत होतं, वाद इथे बरोबरीत सुटला. पण पुतण्या गेल्या फाल्गुनात घरी आला आणि तिसराच पक्ष निघाला.

त्याला पळसाचे फोटो हवे होते. म्हणून टिपेश्वरच्या बाजूला एका कोलाम पोडाजवळ त्याला नेलं. भल्या पहाटे एक म्हातारी झाडाखालची जागा साफ करत होती. पळसाखालची नव्हे, मोहाखालची. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. ते उन्हाच्या आधी वेचावं लागतं. वाकून, एकेक करून, टोपलं भरेपर्यंत. मग वाळवायचं आणि विकायचं. ज्या घरात चैत्र-वैशाखात दुसरं काम नसतं, तिथे मीठ-मिरची त्यावर येते. ही मजुरी फुकटची नाही. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं जंगलातली माणसं सांगतात. आणि वाघ ही इथे गोष्टीतली बाब नाही. याच जिल्ह्यात टी-१ वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २०१८ च्या नोव्हेंबरात तिला मारलं. म्हणजे आमच्याकडे वसंतात करण्याच्या गोष्टी या अशा आहेत. त्यांची यादी पुरवणीत येत नाही.

पुतण्याने हौसेने विचारलं, "मावशी, तुम्हाला पळस आवडतो का?"

म्हातारी म्हणाली, "आवडाचं काय त्यात? पळस फुलला म्हंजे मोहाचे टोपले काढून ठेवाचे." मग पाठ सरळ करत जरा थांबून म्हणाली, "यंदा आठ दिस आधीच फुलला नं भाऊ. मधातच आभाळ आलं. फूल भेटलं नाही पायजे तसं."

आम्ही दोघंही गप्प झालो. चाळीस प्रवाशांच्या एसटीत जे कुणाला दिसलं नाही आणि पुतण्याच्या कॅमेऱ्यात जे येणं शक्य नव्हतं, ते हिला ठाऊक होतं: यंदा पळस आठ दिवस आधी आला. जपानात क्योतोच्या चेरीच्या फुलोऱ्याच्या तारखा नवव्या शतकापासून नोंदलेल्या आहेत. त्यांच्याच आधाराने २०२१ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं, की बाराशे वर्षांत इतक्या लवकर बहर आला नव्हता. आमच्या म्हातारीचं दप्तर तिच्या डोक्यात होतं, एवढाच फरक.

तेव्हापासून मी असं म्हणू लागलो आहे, की झाड पाहण्याचे तीन प्रकार असतात. एक हौसेचं पाहणं, ते शहराचं. दुसरं न पाहणं, ते आमचं. तिसरं गरजेचं पाहणं, ते तिचं. पहिल्यात आनंद आहे पण ओळख नाही. तिसऱ्यात ओळख आहे पण आनंदाला सवड नाही. गरजेच्या पाहण्याला फार गोंजारण्याचाही मला हक्क नाही. तिला आठवडाभर सुट्टी आणि मुंबईचं तिकीट दिलं, तर ती राणीच्या बागेत फुलं पाहायला खुशाल जाईल, आणि तिथे फुलं वेचावी लागत नाहीत म्हणून दुप्पट खूश होईल. कष्टाने ओळख होते म्हणून कष्ट दुसऱ्याने करावेत, असं म्हणणारे लोक बहुधा सावलीत बसलेले असतात.

खुद्द वाघालासुद्धा गरजेसाठीच फिरावं लागतं. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ साली जूनमध्ये निघाला तो महाराष्ट्र-तेलंगणातून तेराशे किलोमीटरांवर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ-पट्टा होता म्हणून आपल्याला कळलं. लोकांनी त्याचं फार कौतुक केलं. केवढा हा प्रवासी! तो बिचारा जागा आणि जोडीदारीण शोधत होता. आपल्या पर्यटनाची भूमिका त्याला समजली असती, तर तो हसला असता किंवा त्याने गाईडलाच खाल्लं असतं.

मग करायचं काय? यादी फाडायची? मुळीच नाही. सौंदर्य पाहण्याची सवड ही चैन असेल, तर ती सगळ्यांना मिळावी अशी चैन आहे. मिळालेल्याने ती लाजून टाकून देऊ नये. फक्त यादीत एकेक ओळ वाढवावी. प्रदर्शन पाहा, आणि वाफे कोणी खुरपले हे माळ्याला विचारा. रोहित पाहा, आणि खाडीत आपण काय सोडतो ते आठवा. पळस पाहा, आणि यंदा तो कधी आला याची कॅलेंडरवर खूण करा. एवढी ओळख दिली की झाडही परकं राहत नाही आणि झाडाखालचं माणूसही.

पुतण्या यावर म्हणाला, "काका, शेवटी मुंबई काय आणि घाटंजी काय, पळसाला पानं तीनच."

त्यालाही मी थांबवलं. कारण फुलतो तेव्हा पळसाला पान एकही नसतं. ज्याने कुणी ही म्हण केली त्याने पानं मोजली ती पत्रावळीसाठी, फुलांच्या दिवसांत तो तिकडे फिरकलाही नसावा. हे मी त्याला ठासून सांगितलं आणि आता खात्री करून घ्यायला येत्या फाल्गुनात पळसाखाली जाऊन उभा राहणार आहे. एसटीतल्या शेतकऱ्याने विचारलंच, तर सांगेन, मास्तर नाही जी, पानं मोजतो आहे.